जे घर आंदोलनात नाही, त्या घरच्या मुलाचे काय?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जून उजाडला की ‘शाळेला टाळे ठोकले’, ‘शिक्षक द्या, नाहीतर मुलांचे दाखले द्या’, ‘जिल्हा परिषदेच्या दारात भरवली शाळा’ अशा बातम्या आपल्या दैनिकात आणि इतरत्रही येऊ लागतात. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे या बातम्या मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मागणी काय होती, निवेदन कोणी दिले, कोणते साहेब आले, काय आश्वासन मिळाले, हे सगळे त्यांत असते. एक गोष्ट मात्र मला कधी सापडत नाही. गावातल्या ज्या घराने त्या दिवशीही आपले मूल शाळेत पाठवायचे ठरवले, त्या घराचे आणि त्या मुलाचे पुढे काय झाले? हे पत्र त्याबद्दलच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. शाळेसाठी गावाने रस्त्यावर उतरावे, याला माझा विरोध नाही. उलट, उतरलेच पाहिजे असे मला वाटते. शिक्षण हक्क कायदा २०१० च्या एप्रिलपासून लागू आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक हवेत, असे त्याच्या परिशिष्टात लिहिलेले आहे. तरीही एक शिक्षक चार वर्ग घेऊन बसलाय आणि मधल्या वेळात ऑनलाइन माहिती भरतोय, हे दृश्य कुणाला नवे नाही. २०१७ च्या अखेरीस दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांची ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. आपल्या वाडीची शाळा उठली तर सहा वर्षांची पोर ओढा ओलांडून जाणार कशी, हा प्रश्न ज्या आईला पडतो, तिने गप्प बसावे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? शिक्षणाच्या भल्यासाठी गाव जागे होते, यापेक्षा चांगली गोष्ट नाही.

टाळे ठोकण्याची पाळी का येते, तेही मला ठाऊक आहे. निवेदन केंद्रप्रमुखांकडे जाते, तिथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून जिल्ह्याला. पोच मिळते, उत्तर मिळत नाही. टाळे लावले की त्याच दिवशी दुपारपर्यंत विस्तार अधिकाऱ्यांची गाडी दारात येते. लोक अनुभवातून शिकतात, आणि शासनाने त्यांना शिकवलेला धडा असा आहे की कागदाला किंमत नाही, कुलपाला आहे. हा दोष गावाचा नाही.

पण त्या कुलपाने नेमके काय मिळते, हे एकदा पाहावे. बहुतेक वेळा नवा शिक्षक मिळत नाही. शेजारच्या शाळेतला शिक्षक ‘कामगिरीवर’, म्हणजे तात्पुरता, पाठवला जातो. आपल्या गावात जल्लोष होतो आणि त्या शेजारच्या गावात दोनाचा एक शिक्षक उरतो. मग पुढच्या महिन्यात ते गाव टाळे ठोकते. तडजोडीला बसलेल्या पुढाऱ्यांनी ‘हा शिक्षक कुठून आणताय?’ असे साहेबांना विचारल्याचे मी माझ्या नोकरीत एकदाही ऐकले नाही. आपल्या मुलांसाठी भांडताना पलीकडच्या गावाच्या मुलांचाही विचार करावा, ही अपेक्षा फार मोठी आहे असे मला वाटत नाही. रिक्त पदाचा आदेश मागा, उसन्या माणसाचा नको, इतकेच म्हणायचे असते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. शाळेवरचा बहिष्कार यशस्वी व्हायचा तर गाव एक असावे लागते. ‘गाव करी ते राव न करी’ हे खरेच आहे. एकटा पालक दहा वेळा पंचायत समितीत गेला तरी जे होत नाही, ते सगळे मिळून गेले की होते. म्हणून ग्रामसभेत ठराव होतो, उद्यापासून एकही मूल शाळेत जाणार नाही. हात वर करून ठराव मंजूर होतो. ज्याचा हात वर गेला नाही त्याच्याकडे सगळे वळून पाहतात. इथपर्यंत मी समजू शकते. अडचण दुसऱ्या दिवशी सकाळी, गेटवर सुरू होते.

मी एका द्विशिक्षकी शाळेवर होते तेव्हाची गोष्ट सांगते. जोडीदार गुरुजींची बदली झाली, बदलीत कोणी आले नाही, आणि चारही वर्ग माझ्याकडे आले. पालकांनी निवेदने दिली, काही झाले नाही, शेवटी गेटला कुलूप लागले. मी बाहेरच उभी होते. मला कोणी उणा शब्द बोलले नाही. ‘बाई, तुमच्याविरुद्ध नाही हे,’ असे चार जणांनी येऊन सांगितलेही. तेवढ्यात दुसरीतल्या एका मुलाला घेऊन त्याची आजी आली. त्या मुलाला आईवडील नव्हते. आजी मजुरीला जात असे. मुलगा शाळेत असे तेवढाच वेळ तिला निर्धास्त मिळत असे, आणि दुपारचे त्याचे जेवणही शाळेतच होई. तिने कुणाला विरोध करायचा म्हणून त्याला आणले नव्हते. त्याला ठेवायचे कुठे, हा तिचा प्रश्न होता.

‘आजी, गावाच्या विरोधात जाता होय?’ कोणीतरी म्हणाले. दुसऱ्याने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केले. आणखी एकाने, ज्याची स्वतःची दोन्ही मुले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत व्हॅनने जात होती, तिला ‘पैसे मिळालेत का साहेबाकडून?’ असे विचारले. आजी काही बोलली नाही. मुलाचा हात धरून परत गेली. त्या दिवशी तिची मजुरी बुडाली.

आंदोलन काही दिवसांनी मिटले, शिक्षक आले, परिपाठ पुन्हा सुरू झाला. पण त्या मुलाला खेळात कोणी घेईना. मुले त्याला ‘फितूर’ म्हणू लागली. दुसरी-तिसरीच्या मुलांच्या तोंडी हा शब्द आपोआप येत नाही. तो घरून आलेला होता. मी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांशी बोलले. ते भले गृहस्थ होते, ‘लहान आहेत, विसरतील’ म्हणाले. समितीतल्या एका सदस्य बाई मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या, आपल्या मुलीला त्या मुलाशेजारी बसवले आणि वर्गासमोर म्हणाल्या, ‘हा आपला आहे.’ त्यानंतर वर्गातले चिडवणे थांबले. आजी मात्र त्यानंतर एकाही पालक सभेला आली नाही. शाळा वाचवायला जमलेल्या गावाने शाळेचा एक पालक गमावला, असे मी याचे मोजमाप करते. माझ्यासाठी ही किंमत लहान नाही.

काही वाचक म्हणतील, एका आजीचे काय घेऊन बसलात, मागणी रास्त होती ना? मागणी रास्तच होती. माझे म्हणणे असे की मागणी रास्त असली म्हणजे साधनही रास्त ठरते असे नाही, कारण शाळा ओस पाडण्याचे हेच साधन अत्यंत वाईट मागण्यांसाठीही वापरले गेलेले आहे.

१९३५ साली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या अहमदाबाद जिल्ह्यात कविठा गावच्या अस्पृश्यांनी आपल्या मुलांना गावच्या शाळेत इतरांबरोबर बसू द्यावे असा आग्रह धरला. सवर्णांनी काय केले? आपली मुले शाळेतून काढून घेतली. मग अस्पृश्यांना मजुरीवर घेणे बंद झाले, त्यांची गुरे चरायला सोडणे बंद झाले, त्यांच्या विहिरीत रॉकेल ओतले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. कविठ्याचे सवर्णही ‘गाव एक आहे’ असेच म्हणत असणार. फार मागे कशाला जायचे? २०२१ च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात एका सरकारी शाळेत सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेने शिजवलेले जेवण नाकारले. तिला काढल्यावर दलित मुलांनी सवर्ण बाईंच्या हातचे जेवण नाकारले. काढलेल्या भोजनमातेला पुढे पुन्हा कामावर घेण्यात आले. पण भांडण मोठ्यांचे आणि उपाशी राहिली ती लेकरे, हे घडून गेलेच.

गावाच्या एकीविरुद्ध गेलेल्या घराचे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. १९६० च्या नोव्हेंबरात न्यू ऑर्लिन्समधल्या विल्यम फ्रांझ प्राथमिक शाळेत रुबी ब्रिजेस ही सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी दाखल झाली. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली. वर्षभर बार्बरा हेन्री या शिक्षिका रिकाम्या वर्गात तिला एकटीला शिकवत राहिल्या. ही कथा पुष्कळांना माहीत असते. माझे लक्ष मात्र त्या मोजक्या गोऱ्या घरांकडे जाते, ज्यांनी आपले मूल शाळेतून काढले नाही. डेझी गॅब्रिएल नावाची आई आपल्या लहान मुलीला, योलांडाला, रोज त्या गर्दीतून शाळेत नेत होती. तिच्यावर शिव्यांचा भडिमार झाला, धक्काबुक्की झाली, नवऱ्याची नोकरी सुटली आणि अखेर त्या कुटुंबाने ते शहरच सोडले. गर्दीचा राग जितका रुबीवर होता तितकाच, कदाचित थोडा जास्तच, आपल्यातून फुटलेल्या या घरावर होता. कारण अशा एका घरामुळेही ‘सगळे आमच्याबरोबर आहेत’ हे म्हणणे खोटे ठरते.

आपल्याकडची टाळे ठोको आंदोलने आणि ती गर्दी एकच आहेत असे मी म्हणत नाही. एकीकडे मुलांना शिक्षक मागणारे पालक, दुसरीकडे एका मुलीला शिकू न देणारे. यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण ते अंतर मला घोषणांच्या फलकावर शोधता येत नाही. फलक दोन्हीकडे ‘आमच्या मुलांसाठी’ असेच म्हणत असतात. ते अंतर गेटवर दिसते. तुमचा राग साहेबाच्या खुर्चीवर आहे की वेगळे वागणाऱ्या शेजाऱ्यावर? जे मूल दप्तर घेऊन आले त्याला तुम्ही वाट करून देता की अडवता?

आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ पासून तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. हा कायदा जातपंचायतींचा जाच डोळ्यांसमोर ठेवून झाला, हे खरे. तरी बहिष्कार म्हणजे काय याची त्यातली यादी प्रत्येक ग्रामपंचायतीने एकदा मोठ्याने वाचावी. शाळेसारख्या सोयींपासून कुणाला अडवणे त्यात आहेच, शिवाय एखाद्या कुटुंबाच्या मुलांबरोबर इतर मुलांना खेळू न देणे हेही आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी इतक्या बारीक गोष्टीची दखल घेतली, याचे मला फार बरे वाटले. मोठी माणसे वाळीत टाकण्याची सुरुवात मुलांच्या खेळापासून करतात, हे त्यांना नक्की माहीत असणार.

मग गावाने करावे काय? शाळा बंद ठेवायचीच असेल तर शिक्षण बंद ठेवू नये. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातल्या बर्स्टन या खेड्याने हे करून दाखवले. १ एप्रिल १९१४ रोजी तिथल्या हिग्डन शिक्षक दांपत्याला नोकरीवरून काढल्याचा निषेध म्हणून ७२ पैकी ६६ मुले शाळेतून बाहेर पडली. शेतमजुरांचीच मुले बहुतेक. पण ती घरी बसली नाहीत. गावाच्या कुरणावर त्याच शिक्षकांनी वर्ग भरवले, मग एका सुताराच्या कारखान्यात, आणि १९१७ मध्ये वर्गणीतून त्यांनी स्वतःची इमारत उभी केली. पालकांना दंड झाले, तरी ती संपातली शाळा १९३९ पर्यंत चालली. आपल्याकडच्या आंदोलनात चार दिवस शाळा बंद राहते तेव्हा समाजमंदिरात वर्ग भरवायला गावातली शिकलेली मुले-मुली पुढे येऊ शकतात. मजुरीवर जाणाऱ्या आजीचा नातू मग तिथे बसेल, त्याला जेवूही घालता येईल. तसे झाले असते तर माझ्या गोष्टीतल्या आजीला गेटवर यावेच लागले नसते. गरीब घराला आंदोलनात सामील होणे परवडेल अशी सोय आधी करावी, मग एकीची अपेक्षा धरावी.

मुलांच्या हातात फलक देऊन त्यांना जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांवर उन्हात बसवण्याविषयीही लिहिले पाहिजे. मुलांनी आंदोलन करूच नये असे मी म्हणत नाही. १९५१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या फार्मव्हिल गावी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने आपल्या शाळेतल्या साडेचारशे मुलांचा संप घडवला. डांबरी कागद ठोकलेल्या खोल्यांत त्यांचे वर्ग भरत होते. तो लढा पुढे, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात, तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण ती योजना त्या मुलीची स्वतःची होती, आणि मोठ्यांना त्यात ओढले ते तिने. पहिलीतल्या पोराला ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ हे शब्द वाचताही येत नाहीत आणि त्यांच्या निषेधाचा फलक त्याच्या हातात असतो, तेव्हा तो आंदोलक नसतो. त्याला फोटोसाठी बसवलेले असते.

दाखल्यांचेही तसेच. ‘सगळ्यांचे दाखले काढू’ ही धमकी गावाला फार जोरदार वाटते. पण शिक्षकांची पदे संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या पदांच्या सरकारी मंजुरीत, ठरतात आणि संचमान्यता पटावर ठरते. दाखले खरोखर निघाले तर पुढच्या वर्षी पद आणखी एक कमी होणार. शिवाय ज्याच्याकडे व्हॅनचे पैसे आहेत तो मुलाला दुसऱ्या शाळेत घालतो, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याचे मूल दाखला खिशात घेऊन घरी बसते. ही धमकी देणाऱ्यांत ज्यांचे एकही मूल त्या शाळेच्या पटावर नाही असे लोक पुढे असतात, याचा मला मनापासून राग येतो. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत, ते उगाच नाही. ज्यांचे मूल वर्गात बसते त्यांनी ठरवावे, आणि ठरवताना आयांचा आवाज निम्मा असावा. शाळा बंद ठेवायचा निर्णय आधी या समितीत झाला पाहिजे, पारावर नाही. त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तीन महिन्यांत तिचा निकाल लागावा अशी तरतूद आहे. न लागला तर बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तीन महिने म्हणजे अर्धे सत्र गेले, हे मला कळते. म्हणून ती तक्रार पहिल्या निवेदनाबरोबरच, त्याच दिवशी द्यावी. नंतर आंदोलन झाले तर हातात कागद असतो.

शेवटी आपल्याला, संपादक महोदय, एक विनंती आहे. टाळे लावलेल्या गेटचा फोटो छापताना आपल्या वार्ताहरांना तीन प्रश्न विचारायला सांगावेत. त्या दिवशी मुले कुठे बसली आणि त्यांना कोणी शिकवले? मिळालेला शिक्षक कोणत्या गावातून काढून आणला? आणि ज्या घराने मूल शाळेत पाठवले, त्याच्याशी गाव आता बोलते का? तिसऱ्याचे उत्तर गेटवर मिळणार नाही. त्यासाठी वार्ताहराला त्या घरी जावे लागेल, आणि छापताना त्या घराचे नाव गाळावे लागेल.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका